ओव्हनमध्ये भाजलेला, ब्रेडच्या चुऱ्यातला मासा: तळणीशिवाय कुरकुरीतपणा कसा आणावा?

शेगडीपाशी (धागाकर्ती)

ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून ओव्हनमध्ये भाजायच्या माशाच्या बहुतेक पाककृती एकच क्रम सांगतात: मैदा, अंडे, चुरा आणि मग गरम ओव्हन. हा क्रम बरोबरच आहे. परंतु तो तंतोतंत पाळूनही मासा पुष्कळदा फिकट आणि मऊ निघतो आणि खापर ओव्हनवर फोडले जाते. माझे मत असे आहे, की कुरकुरीतपणा ओव्हनमध्ये जन्माला येत नाही, तो आधी तयार करून ओव्हनमध्ये न्यावा लागतो. ओव्हनकडे दोनच कामे सोपवावीत, मासा शिजवणे आणि त्यातून निघणाऱ्या वाफेला वाट देणे.

तेल हवेपेक्षा कितीतरी वेगाने उष्णता पोचवते, म्हणून १८० अंश सेल्सिअसच्या तेलात चुरा दोन-तीन मिनिटांतच सोनेरी होतो. ओव्हनमधली हवा २२० अंशांची असली तरी कच्च्या, कोरड्या चुऱ्याला तसा रंग चढायला बराच अधिक वेळ लागतो आणि तोवर दोन सेंटीमीटर जाडीचा फिले (मधल्या काट्यापासून सोडवलेला माशाचा तुकडा) शिजून पुढे कोरडा पडू लागलेला असतो. त्यात पांढऱ्या माशाच्या मांसात सुमारे ८० टक्के पाणीच असते. पृष्ठभाग ओला आहे तोवर त्याचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. आणि ज्या अभिक्रियेमुळे पदार्थाला तांबूस रंग व खमंग वास येतो, जिचे वर्णन लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केले, तिला खरा वेग साधारण १४० अंशांपासून पुढे येतो. तेव्हा मासा आधी कोरडा करणे आणि चुरा आधी भाजून घेणे या दोन गोष्टी केल्या, की बाकीचे बरेचसे आपोआप जमते.

चार माणसांसाठी ६०० ते ७०० ग्रॅम बिनकातड्याचे, पांढऱ्या मांसाचे फिले घ्यावेत. कॉड, हॅडॉक, पोलॉक, तिलापिया यांपैकी कोणताही मासा चालतो. तुकडे शक्यतो एकाच जाडीचे करावेत आणि शेपटीकडचा पातळ भाग खाली दुमडून जाडी सारखी करावी. प्रत्येक तुकड्यावरून डोक्याकडून शेपटीकडे बोट फिरवावे, काटा राहिला असेल तर तो हमखास टोचतो. चिमट्याने तो ज्या दिशेला झुकलेला असेल त्याच दिशेला ओढावा, म्हणजे मांस फाटत नाही. मग सपाट चमचाभर मीठ सगळ्या तुकड्यांना दोन्ही बाजूंनी लावून पंधरा मिनिटे ठेवावे, सुटलेले पाणी टाकून द्यावे आणि टिपकागदाने मासा दाबून टिपावा. कागद जवळजवळ कोरडा निघेपर्यंत टिपत राहावे. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि नेमकी हीच गाळली जाते.

चुऱ्यासाठी सुमारे १२० ग्रॅम पांको (हलका, पापुद्र्यांचा जपानी ब्रेडचुरा) किंवा घरचा जाडसर ब्रेडचुरा, तीन मोठे चमचे तेल आणि चिमूटभर मीठ एका पसरट पॅनमध्ये मध्यम आचेवर सतत हलवत भाजावे. सुरुवातीला तेलाने ओला झालेला चुरा उलथन्याला चिकटून गोळ्यांसारखा होतो. चार-पाच मिनिटांनी तो सुटा होतो, पॅनवर खरखर वाजू लागतो आणि त्यानंतर रंग फार झपाट्याने बदलतो, म्हणून फिकट सोनेरी छटेवर थांबून चुरा लगेच ताटात पसरावा. पुढचा रंग ओव्हनमध्ये चढायचा आहे.

पहिल्या ताटात ६० ग्रॅम मैदा, दुसऱ्यात दोन अंडी व चमचाभर मोहरीचे सॉस एकत्र फेटून, तिसऱ्यात गार झालेला चुरा. मैदा उरलासुरला ओलावा शोषतो आणि अंड्याला धरायला जागा देतो. अंडे उष्णतेने घट्ट होऊन चुरा जागच्या जागी पकडून ठेवते. जास्तीचा मैदा झटकणे आवश्यक आहे, नाहीतर आवरण कवचासारखे सुटून येते. एक हात कोरड्यासाठी आणि एक ओल्यासाठी ठेवावा, म्हणजे बोटांवर पिठाची पुटे चढत नाहीत. चुरा तळव्याने हलकेच दाबावा आणि तयार तुकडे दहा-पंधरा मिनिटे फ्रिजमध्ये उघडे ठेवावेत.

ओव्हन २२० अंशांवर, पंखा असल्यास २०० अंशांवर, किमान पंधरा-वीस मिनिटे आधी तापवावा. ट्रेवर तारेची जाळी ठेवून तिला तेल लावावे आणि तुकड्यांमध्ये अंतर ठेवावे. दोन सेंटीमीटर जाडीला साधारण १० ते १२ मिनिटे पुरतात.

इतरांच्या पद्धती वाचायला आवडतील, विशेषतः ज्यांचे मत याहून वेगळे आहे त्यांच्या.

तापला_ट्रे

चुरा आधी भाजण्याबद्दल पूर्ण सहमत आहे, पण जाळीबद्दल नाही. जाळीवर तारेचे वळ उमटतात, नाजूक मासा उचलताना तारांमध्ये अडकून मोडतो आणि नंतर ती जाळी घासणे हा स्वतंत्र उद्योग होऊन बसतो. मी जाड लोखंडी ट्रे ओव्हनबरोबरच तापवतो, बाहेर काढून त्यावर दोन चमचे तेल पसरवतो आणि तुकडे त्यावर ठेवतो. ठेवताक्षणी चर्र असा आवाज आला पाहिजे. तो आला नाही तर ट्रे पुरेसा तापलेला नाही असे खुशाल समजावे. खालची बाजू अशा रीतीने जवळजवळ तळलीच जाते. अर्ध्या वेळेनंतर रुंद उलथन्याने एकदा उलटले, की दोन्ही बाजू सारख्या होतात. पातळ ट्रे मात्र या कामाला घेऊ नये, तो तापल्यावर एकदम वाकडा होतो आणि गरम तेल एका कोपऱ्यात जमते.

जिज्ञासू_खवय्या

धागा उत्तम आहे. माझ्याकडे बहुधा गोठवलेले बासाचे फिले असतात. ते कितीही टिपले तरी भाजताना ट्रेमध्ये पाणी साचतेच आणि खालचे आवरण लगदा होऊन राहते. मासाच बदलावा, की याला काही उपाय आहे?

शीतकपाट

जिज्ञासू_खवय्या, दोन वेगवेगळ्या गोष्टी तपासून पाहा. पहिली म्हणजे वेष्टनावरील घटकांची यादी. गोठवलेल्या काही माशांवर प्रक्रिया करताना फॉस्फेटचे क्षार वापरलेले असतात. त्यामुळे मांस पाणी धरून ठेवते, वजन वाढते आणि भाजताना तेच पाणी बाहेर येते. यादीत सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट किंवा ई-४५१ असे लिहिलेले दिसले तर तो मासा रश्शासाठी ठेवावा. चुऱ्याच्या आवरणासाठी ज्याच्या घटकांत फक्त मासा आहे असाच निवडावा. तुकड्यांवर बर्फाचा पातळ थर असतो तो वेगळा, गोठवलेला मासा सुकू नये म्हणून तो मुद्दाम दिलेला असतो आणि त्यात गैर काही नाही. मात्र वितळताना त्याचे पाणी माशाखाली साचून राहता कामा नये.

दुसरी गोष्ट म्हणजे वितळवण्याची पद्धत. रात्रभर फ्रिजमध्ये, खाली ताट आणि वर चाळणी अशा मांडणीत मासा ठेवावा, म्हणजे तो स्वतःच्याच पाण्यात भिजत पडत नाही. ओट्यावर किंवा गरम पाण्यात वितळवू नये. बाहेरचा भाग जंतू वाढण्याइतका कोमट होतो आणि आतला बर्फच राहतो. आणखी एक सूचना सुरक्षिततेची आहे आणि ती फारशी कोणाला ठाऊक नसते: मासा हवाबंद पाकिटात असेल तर फ्रिजमध्ये वितळवण्यापूर्वी ते पाकीट उघडावे किंवा मासा त्यातून बाहेर काढावा. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचा एक प्रकार माशांशी निगडित आहे. तो प्राणवायू नसलेल्या जागी, ३-४ अंश इतक्या कमी तापमानालाही वाढून विष तयार करू शकतो. हवा लागू दिली, की त्याच्या वाढीला पोषक अशी ती परिस्थिती राहत नाही.

शेगडीपाशी (धागाकर्ती)

शीतकपाट, पाकीट उघडण्याचा मुद्दा मूळ लेखात असायला हवा होता इतका महत्त्वाचा आहे. नवीन वाचकांनी तो प्रतिसाद आधी वाचावा. जिज्ञासू_खवय्या, बासाचे मांस मुळातच मऊ असते, म्हणून पंधरा मिनिटे मीठ लावण्याऐवजी लिटरभर गार पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात तुकडे दहा मिनिटे बुडवून पाहा. पृष्ठभाग घट्टसर होतो आणि भाजताना कडेने जो पांढरा, फेसकट द्रव बाहेर येतो तो कमी येतो. तो द्रव म्हणजे माशातली विरघळलेली प्रथिने असतात, मासा खराब असल्याचे लक्षण नव्हे. मिठाच्या पाण्यातून काढल्यावर टिपणे आहेच, आणि वरून पुन्हा मीठ लावू नये.

तापला_ट्रे, उलटण्याची तयारी असेल तर तुमची पद्धत जाळीपेक्षा सरस आहे हे मान्य करते. पण चार-सहा माणसांचे तुकडे एकेक करून उलटताना ओव्हनचे दार उघडे राहते आणि आतली उष्णता निघून जाते, शिवाय हॅडॉकसारखा पाकळ्या सुटणारा मासा उलटताना हमखास मोडतो. जाळीला तेल नीट चोळले आणि भाजल्यावर दोन मिनिटे थांबून तुकडा उचलला, तर तो अडकत नाही.

उलटा_विचार

मला मुळात एक प्रश्न पडतो, की खालच्या बाजूला चुरा लावायचाच कशासाठी? माशातले पाणी खालीच उतरणार आणि खालचे आवरण भिजणार, हे आपल्याला आधीपासून ठाऊक आहे. मग जाळी, तापलेला ट्रे, उलटणे अशा युक्त्यांनी त्या भिजण्याशी झगडत बसायचे. मी फिलेच्या फक्त वरच्या बाजूला मेयोनेजचा पातळ थर देतो, त्यावर भाजलेला चुरा अर्धा सेंटीमीटर जाडीने दाबून बसवतो आणि तळाला काहीच लावत नाही. मेयोनेजमध्ये अंडे आणि तेल दोन्ही असल्यामुळे ते चिकटवण्याचेही काम करते आणि चुऱ्याला खालून स्निग्धताही पुरवते. मैदा नाही, अंड्याचे ताट नाही, तीन भांडी घासणे नाही. पाहुण्यांपुढे असा तुकडा दिसतोही अधिक नेटका.

शेगडीपाशी (धागाकर्ती)

उलटा_विचार, सुरी-काट्याने खाण्याच्या जाडसर तुकड्यांसाठी तुमचा युक्तिवाद बिनतोड आहे आणि चार सेंटीमीटर जाडीचा कॉड मीसुद्धा असाच करीन. परंतु घरात लहान मुले असली, की मासा बोटांएवढ्या पट्ट्यांत कापला जातो, हाताने उचलला जातो आणि सॉसमध्ये बुडवला जातो. तिथे चहूबाजूंनी आवरण नसेल तर पट्टी हातातच मोडते. तेव्हा जाडी आणि खाणारा पाहून ठरवावे. मेयोनेजचा थर खरोखरच पातळ हवा, एवढीच पुस्ती जोडते. तो जाड झाला तर वरचा चुरा संपूर्ण थरानिशी घसरतो.

तापमापी

वेळेबद्दल थोडे लिहितो, कारण सगळ्या पाककृती मिनिटांवर चालतात आणि मिनिटांवर फार विसंबता येत नाही. माशाच्या जाडीच्या दर इंचाला, म्हणजे अडीच सेंटीमीटरला, दहा मिनिटे असा एक जुना ठोकताळा आहे. आवरण असेल तर त्यावर दोन-चार मिनिटे धरावीत. पण हा ठोकताळा ओव्हनचे आतले तापमान बटणावरच्या आकड्याइतकेच आहे असे गृहीत धरतो आणि घरगुती ओव्हनमध्ये, विशेषतः लहान ओटीजीमध्ये, तसे असेलच याची खात्री नसते. आत टांगायचा साधा ओव्हन-तापमापक एकदा वापरून पाहावा. सुरुवातीचा दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला असेही धरू नये. हवा तापलेली असते, पण भिंती आणि ट्रे अजून गार असतात, आणि दार उघडताच ती हवा निघून जाते.

मासा शिजला की नाही याची निश्चित खूण म्हणजे जाड भागाच्या मध्यावरचे तापमान. अमेरिकी अन्नसुरक्षा यंत्रणा ६३ अंश सांगतात. आवरणाला धक्का न लावता सुईचा तापमापक कडेने आडवा खुपसावा. ६० अंशांना बाहेर काढले तर आवरणातल्या उष्णतेने जाड तुकड्यात उरलेले दोन-तीन अंश बाहेर चढतात. पातळ तुकड्यात मात्र त्यावर विसंबू नये. माशाच्या स्नायूंना जोडणारे कोलॅजेन मटणातल्यापेक्षा फार कमी तापमानाला, ५०-५५ अंशांच्या आसपास, विरघळू लागते, म्हणूनच काट्याने हलके दाबल्यावर पाकळ्या सुटतात. मात्र ७० अंशांच्या पुढे गेलेला मासा कोरडा, दोरीदोरीचा लागतो आणि त्याला कोणतेही आवरण वाचवू शकत नाही.

पडताळणी

धागाकर्तीच्या मुख्य मुद्द्याला एक भक्कम आधार बाजारातल्या फिश फिंगरमध्येच आहे. अमेरिकेत गोठवलेल्या फिश स्टिक्स १९५३ मध्ये आल्या आणि ब्रिटनमध्ये बर्ड्स आय या कंपनीने १९५५ मध्ये फिश फिंगर आणले. घरी ओव्हनमध्ये ठेवले तरी ते कुरकुरीत होतात याचे रहस्य ओव्हनमध्ये नसते. गोठवलेल्या माशाच्या पट्ट्यांना आवरण दिल्यावर त्या कारखान्यातच गरम तेलातून अगदी थोडा वेळ काढतात. त्यामुळे आवरण पक्के बसते, त्यात तेल मुरते, रंग चढतो आणि आतला मासा मात्र कच्चा व गोठलेलाच राहतो. म्हणजे कारखानाही आधी कुरकुरीतपणा तयार करतो आणि ओव्हनकडे फक्त शेवटचे काम ठेवतो. आपण चुरा पॅनमध्ये भाजतो तेव्हा हेच करतो, फक्त मासा बाजूला ठेवून.

पांकोबद्दलही सांगण्यासारखे आहे. त्याचा पारंपरिक जपानी ब्रेड विजेचा प्रवाह कणकेतूनच सोडून भाजला जातो, त्यामुळे त्याला तपकिरी कड धरत नाही आणि त्याचा चुरा हलका, टोकदार, पातळ पापुद्र्यांचा पडतो. पापुद्र्यांमधल्या फटींतून वाफ निसटते. बारीक दळलेला चुरा मात्र घट्ट बसतो आणि वाफेला अडवतो.

साधासा_प्रश्न

अंडे न खाणाऱ्यांनी चुरा कशाने चिकटवावा? आणि घरात एकाला ग्लुटेन (गहू, बार्ली यांतले प्रथिन) चालत नाही, त्याच्यासाठी कॉर्नफ्लेक्स कुटून वापरले तर चालतील का?

तीन_ताटे

अंड्याऐवजी दोन पर्याय मी नेहमी वापरते. पहिला पर्याय घट्ट, चक्का होण्याच्या बेतात आलेल्या दह्यात चमचाभर मोहरीचे सॉस मिसळून त्याचा अगदी पातळ हात देणे. दुसरा पर्याय मैदा आणि कॉर्नफ्लोअर सारख्या प्रमाणात घेऊन पाण्यात पातळ धिरड्याच्या पिठाइतके सैल कालवणे. यात सुरुवातीचा कोरडा मैदाही वगळता येतो. दह्याचे आवरण चवीला उजवे आहे, पण त्यात ओलावा अधिक असल्यामुळे ते दोन-तीन मिनिटे जास्त घेते.

कॉर्नफ्लेक्सबद्दल सावध राहावे. मका ग्लुटेनमुक्त असला तरी साध्या कॉर्नफ्लेक्समध्ये चवीसाठी पुष्कळदा बार्लीचे माल्ट घातलेले असते आणि बार्लीत ग्लुटेन असते. पाकिटावर ग्लुटेनमुक्त असे स्पष्ट लिहिलेले असेल तरच घ्यावेत. त्यांत साखरही असते, म्हणून ते आधी भाजू नयेत. नुसते जाडसर चुरून, तेल चोळून वापरावेत, नाहीतर मासा शिजण्याआधी काळपट होतात. मैद्याऐवजी तांदळाचे पीठ घ्यावे. आणि त्या व्यक्तीचे तुकडे वेगळ्या ताटात घोळवून वेगळ्या ट्रेवर भाजावेत. एकाच ताटातल्या चुऱ्यात बोटे गेली, की सगळी काळजी वाया जाते.

घाईघाईत

एअर फ्रायरमध्ये १९० ते २०० अंशांना आठ-दहा मिनिटे. चुरा तेलात भाजलेला नसेल तर पंख्याच्या वाऱ्याने उडतो, एवढेच ध्यानात ठेवावे.

मसालेदार

चुऱ्यात काय मिसळावे यावर कोणीच लिहिले नाही याचे आश्चर्य वाटले. मिरपूड, पॅप्रिका, वाळवलेला थाईम, लिंबाची किसलेली साल हे सगळे चुरा आचेवरून उतरवल्यावर घालावे. पॅनमध्येच घातले तर पॅप्रिका करपून कडू होते आणि सालीचा सुवास उडून जातो. ताजा लसूण किसून घालण्याचा मोह टाळावा, कारण २२० अंशांना त्याचे बारीक कण आधी जळतात. लसणाची पूड चालते. किसलेले पार्मेझान चीज दोन-तीन चमचे घातले तर रंग लवकर चढतो, मात्र मग मिठाचा हात आखडता घ्यावा. मीठ तिन्ही ताटांत थोडेथोडे असावे, असा एक पंथ आहे. मासा आधी खारवला असेल तर माझ्या मते तेवढे पुरते.

सहाजणांचे_ताट

आमच्याकडे सहा माणसे असल्यामुळे एका ट्रेवर भागत नाही, म्हणून या बाजूने थोडे लिहिते. तुकडे दाटीने ठेवून एकच ट्रे करणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे. एकाची वाफ दुसऱ्याला लागते आणि सगळेच मऊ पडतात. दोन ट्रे दोन कप्प्यांवर ठेवून अर्ध्या वेळेला वरचा खाली, खालचा वर करावा आणि पंखा असेल तर तो जरूर लावावा. बटाट्याच्या फोडी त्याच ओव्हनमध्ये करायच्या असतील तर त्या आधी भाजून बाहेर काढाव्यात आणि मासा भाजून झाल्यावर शेवटची तीन मिनिटे परत आत सरकवाव्यात, कारण बटाटा थांबू शकतो, मासा थांबत नाही.

सकाळी तयारी करून ठेवायची असेल तर चुरा भाजून गार करून डब्यात भरावा आणि मासा टिपून फ्रिजमध्ये ठेवावा, पण घोळवण्याचे काम जेवणाच्या अर्धा-पाऊण तासच आधी करावे. वाढताना ताटात एकावर एक रचू नयेत, वर झाकण किंवा फॉइल घालू नये आणि लिंबू ज्याचे त्याने पानात पिळावे.

जिज्ञासू_खवय्या

सर्वांचे आभार. घरातल्या पाकिटावरची यादी आताच वाचली, त्यात फॉस्फेट आहेच. ते पाकीट आता रश्शाच्या कामी येईल. शेवटची शंका, उरलेले तुकडे दुसऱ्या दिवशी पुन्हा कुरकुरीत होतात का?

शेगडीपाशी (धागाकर्ती)

बऱ्याच अंशी होतात. जेवणानंतर दोन तासांच्या आत, पूर्ण गार होण्याची वाट न पाहता, तुकडे एका थरात फ्रिजमध्ये ठेवावेत आणि दुसऱ्याच दिवशी संपवावेत. गरम करताना १८० अंशांच्या ओव्हनमध्ये जाळीवर दहा मिनिटे पुरतात. मायक्रोवेव्ह आतले पाणी वाफ करून थेट आवरणात ढकलतो, म्हणून तो नको. मासा पहिल्या दिवसापेक्षा थोडा कोरडा लागेल, तेव्हा तो मोडून पावात घालावा आणि बरोबर दह्याचे किंवा मेयोनेजचे सॉस घ्यावे.